आभासी भिंत गुणगुणते का? संगणक स्पर्शाचं बल कसं काढतो?

सायली_प्र
नमस्कार मंडळी. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी एक आभासी दात तयार करते आहे. पडद्यावर दात दिसतो आणि हातात यांत्रिक बाहूला जोडलेलं पेन असतं. पेनाचं टोक दाताला टेकलं की बाहूतल्या मोटरी हाताला मागे ढकलतात आणि दात हाताला 'लागतो'. यंत्र लहान आहे. जास्तीत जास्त ३.३ न्यूटन बल देतं आणि टोकाची जागा ०.०५५ मिलिमीटरपर्यंत ओळखतं.

दाताआधी सरळ एक सपाट भिंत केली. टोक भिंतीत जितकं आत जाईल तितकं स्प्रिंगसारखं बल उलट दिशेला, म्हणजे कडकपणा गुणिले खोली. हा हिशेब सेकंदाला १००० वेळा होतो, चित्र काढायचं काम वेगळं चालतं. कडकपणा मिलिमीटरला अर्धा न्यूटन ठेवला तर भिंत शांत असते, पण मऊ लागते. दोन न्यूटन केला की टेकताक्षणी पेन गुणगुणायला लागतं. वेगाच्या प्रमाणात विरोध, म्हणजे अवमंदन, घालून पाहिलं. थोडं घातल्यावर गुणगुण कमी झाली. आणखी घातलं तर वेगळाच खरखरीत थरथराट सुरू झाला, आणि हे मला सर्वांत कोड्यात टाकणारं आहे.

खरी भिंत हाताला ऊर्जा देत नाही. माझी कुठून आणते? आणि मिलिमीटरला दोन न्यूटनवरच अडकणार असेल, तर दातासारखी कडक वस्तू हाताला पटवायची कशी?

भिरभिरं
भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. गळा पण असतो हे आज कळलं. :-)
जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.

वक्ररेषा
सायली, प्रश्न अगदी मुळाशी हात घालणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं सूत्र बरोबर आहे. गडबड आहे ती वेळेत. संगणक टोकाची जागा वाचतो, बल काढतो, आणि पुढची जागा वाचेपर्यंत, म्हणजे १ मिलिसेकंद, तेच बल धरून ठेवतो. आता हात भिंतीत आत जातोय असं समजा. त्या मिलिसेकंदात टोक आणखी आत गेलेलं असतं, पण बल मघाच्या उथळ जागेचं असतं. म्हणजे हवं त्यापेक्षा कमी. हात परत येताना नेमकं उलट होतं: टोक वर आलेलं असतं आणि बल मघाच्या खोल जागेचं, म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. आत जाताना भिंतीनं हाताकडून कमी काम करून घेतलं, बाहेर येताना जास्त काम परत दिलं. प्रत्येक फेरीत हा फरक शिल्लक राहतो. तुमची गुणगुण याच शिलकीवर चालते.

आकड्यांत बघू. कडकपणा मिलिमीटरला २ न्यूटन, हाताचा वेग सेकंदाला १०० मिलिमीटर. एका मिलिसेकंदात टोक ०.१ मिलिमीटर सरकतं, म्हणजे बल जास्तीत जास्त ०.२ आणि सरासरी ०.१ न्यूटननं मागे राहतं. हे वेगाच्या प्रमाणात असलेलं बल आहे, फक्त दिशा चुकीची. थोडक्यात, भिंतीत उलटं अवमंदन आपोआप शिरतं आणि त्याचं माप कडकपणा गुणिले कालावधी भागिले दोन. तुमच्या बाबतीत २००० गुणिले ०.००१ भागिले २, म्हणजे १ न्यूटन-सेकंद प्रति मीटर. एवढी ऊर्जा यंत्राच्या स्वतःच्या सांध्यांनी आणि हातानं खाल्ली तर भिंत शांत राहते. नाही खाल्ली तर गाते. बलाचा हिशेब चित्राच्या गतीनं, सेकंदाला ६० वेळा, केला असता तर हाच आकडा जवळजवळ सतरापट झाला असता. डोळ्यांना ६० पुरतात, हाताला १००० लागतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे.

आता तुमचं कोडं. कोलगेट आणि शेंकेल यांनी १९९० च्या दशकात भिंत स्थिर राहण्याची जी अट मांडली, तिच्यात यंत्राचं खरं, भौतिक अवमंदन दोन गोष्टींच्या बेरजेपेक्षा जास्त असावं लागतं: वरचा आकडा, अधिक तुम्ही प्रोग्रॅममध्ये घातलेलं आभासी अवमंदन. पुन्हा वाचा. आभासी अवमंदन त्या बेरजेत *भर घालतं*. तेही एका मिलिसेकंदानं उशिराच येतं, म्हणून मर्यादेपलीकडे तेच बिघडवतं.

सायली_प्र
वक्ररेषा, मनापासून धन्यवाद. उलट्या अवमंदनाची कल्पना लगेच पटली. पण थोडं अवमंदन घातलं तेव्हा गुणगुण कमी झाली होती ना? आणि नंतरचा थरथराट वेगळ्या जातीचा होता. आधीची गुणगुण गोल होती, ही खरखर. पेन जवळजवळ स्थिर धरलं तरी येते.

वक्ररेषा
थोडं घातल्यावर कमी झाली कारण वरची अट 'कोणीही, कसंही धरलं तरी' अशा वाईटात वाईट परिस्थितीची हमी देते. प्रत्यक्षात हात बरंच शोषून घेतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यात फायदा दिसतो.

खरखर कुठून येते ते तुमच्याच आकड्यात आहे. टोकाची जागा ०.०५५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी कळते. वेग तुम्ही आत्ताची जागा वजा मघाची जागा, भागिले १ मिलिसेकंद असा काढत असाल. एक पायरी बदलली की वेग शून्यावरून थेट सेकंदाला ५५ मिलिमीटर! मधलं काहीच नाही. अवमंदन ५ ठेवलं असेल तर बल एका फटक्यात पाव न्यूटनहून जास्त उडी मारतं, पुढच्या मिलिसेकंदाला परत शून्य. ते बोटांना खरखरीतच लागणार.

वेग गाळून घ्या, म्हणजे मागच्या काही वाचनांची सरासरी. पण जास्त गाळलात तर उशीर वाढतो आणि पहिला रोग परत येतो.

जुनाखिळा
मी यंत्रशाळेतला माणूस, प्रोग्रॅमिंग माझं क्षेत्र नाही. पण वक्ररेषांचं म्हणणं बरोबर असेल तर एक गंमत होते. सांधे जितके गुळगुळीत, घर्षण जितकं कमी, तितकं यंत्र जास्त गुणगुणणार. म्हणजे उत्तम बनवलेलं यंत्र वाईट वागणार?

वक्ररेषा
काका, नेमकं बोट ठेवलंत. रचनाकाराची कोंडी हीच आहे. टोक हवेत असताना हाताला काहीच जाणवू नये म्हणून बाहू हलका आणि घर्षणरहित हवा. भिंतीला टेकल्यावर मात्र तेच घर्षण उपयोगी पडतं. कोरडं घर्षण तर खास उपयोगाचं, कारण जागेच्या पायऱ्यांमुळे शिरणारी बारीक ऊर्जा ते गिळतं. मोकळ्या हवेतलं मोकळेपण आणि भिंतीचा कडकपणा या दोन टोकांमधली जागा जितकी रुंद, तितकं यंत्र चांगलं.

सायली_प्र
आत्ता करून पाहिलं. पेन दोन बोटांत सैल धरलं की गुणगुण लगेच सुरू होते, मुठीत घट्ट धरलं की त्याच कडकपणाला थांबते. हात अवमंदनाचं काम करतोय हे बोटांनीच सांगितलं.

अवकल
उशिरा आले, पण आकाराचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते. सपाट भिंतीवर 'खोली' काय ते स्पष्ट असतं. दातावर नसतं. पुढच्या दाताची कड घ्या, अगदी पातळ. टोक एका बाजूनं दाबत कडेच्या निम्म्याच्या पुढे गेलं की 'सर्वांत जवळचा पृष्ठभाग' पलीकडचा होतो. तुमचं सूत्र इमानानं पलीकडच्या बाजूला ढकलतं आणि पेन दातातून आरपार निघून जातं. कोपऱ्यांवरही तसंच. एकाच खोलीला दोन-दोन दिशा, आणि बल एकीवरून दुसरीवर उडी मारतं.

यावरचा तोडगा मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. एमआयटीत झिलेस आणि सॅलिसबरी यांनी १९९५ मध्ये मांडला, नाव दिलं गॉड-ऑब्जेक्ट. विचार असा: हाताच्या टोकाला आत जाण्यापासून खरोखर अडवता येत नाही, मोटरची ताकदच तेवढी नाही. मग दुसरा एक काल्पनिक बिंदू ठेवा जो *कधीच* आत जात नाही. मोकळ्या हवेत दोघं एकाच जागी असतात. टोक आत शिरलं की हा प्रतिनिधी पृष्ठभागावर थांबतो आणि आत न जाता टोकाच्या जास्तीत जास्त जवळ राहील असा पृष्ठभागावरून सरकत राहतो. दोघांमध्ये स्प्रिंग. तुम्हाला जाणवतं ते या स्प्रिंगचं बल.

यामुळे संगणकाला आठवण येते. तुम्ही कुठल्या बाजूनं शिरलात ते प्रतिनिधीच्या जागेतच लिहिलेलं असतं, त्यामुळे कड कितीही पातळ असो, आरपार जाणं बंद. गणितही आटोपशीर: टोकापासूनचं अंतर कमीत कमी, अट अशी की लागलेल्या पातळ्या, म्हणजे पृष्ठभागाचे सपाट तुकडे, ओलांडायच्या नाहीत. एका वेळी फार तर तीन पातळ्या लागतात, म्हणून लहानसं समीकरण-जाळं सोडवून काम भागतं. मिलिसेकंदात सहज.

घर्षणही इथेच जवळजवळ फुकट मिळतं. पृष्ठभागाच्या दिशेनं ओढणारं बल लंब दिशेच्या बलाच्या ठरावीक पटीपेक्षा कमी असेल तोवर प्रतिनिधीला हलूच देऊ नका. सुटला की सरकू द्या. अडकणं आणि सुटणं, दोन्ही हाताला कळतं.

निरंजन०७
अवकल, जबरदस्त प्रतिसाद. एक शंका. संगणकात पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांच्या जाळीनं विणतात, तशा जाळीवर मी असा बिंदू फिरवला होता, तो दोन त्रिकोणांच्या सांध्यातून कधी कधी आत पडायचा. जाळी तर बंद होती.

अवकल
संगणकाच्या अपूर्णांकांची गोलाई. सांध्यावर एक त्रिकोण म्हणतो 'माझ्या बाहेर आहे', शेजारचाही तेच म्हणतो, आणि शून्य आकाराचा बिंदू मधून निसटतो. स्टॅनफर्डमध्ये रुस्पिनी, कोलारोव्ह आणि खतीब यांनी १९९७ मध्ये बिंदूऐवजी छोटा गोल वापरला तो यासाठीच. गोलाला जाडी असते, तो फटीत मावत नाही. खऱ्या उपकरणांच्या टोकालाही जाडी असतेच, त्यामुळे सायलीचं काम उलट जास्त खरं होईल.

आणि हो, त्रिकोणांच्या कडा बोटाला टोचत असतील तर बलाची दिशा कोपऱ्यांमधून हळूहळू वळवत न्या. चित्रात गुळगुळीतपणाचा भास आणायला प्रकाशाच्या बाबतीत करतात तेच इथे बलाच्या बाबतीत. भूमिती टोकदारच राहते, हाताला गोल लागते.

जुनाखिळा
इथे मला थोडा आक्षेप आहे. आकार टोकदार असून हाताला गोल लागतो, हे फसवणं झालं. आणि मुळात एकाच बिंदूतून येणाऱ्या ढकलण्याला स्पर्श म्हणायचं का? पत्र्यावरून तळहात फिरवला की मला उष्णता, ओल, कडेचा ओरखडा, सगळं एकदम कळतं. कातडी ताणली जाते. इथे एक काठी आणि तिच्या टोकाला ढकलणं. यातून विद्यार्थी काय शिकणार?

डॉ_माधवी
नमस्कार. हा धागा मैत्रिणीनं पाठवला. मी दंतवैद्य आहे आणि शिकवतेही.

जुनाखिळा, तुमचा मुद्दा तळहाताच्या बाबतीत अगदी खरा आहे. पण आम्ही दाताला बोटानं क्वचितच तपासतो. आमचा स्पर्श कायम उपकरणाच्या टोकातूनच येतो. बारीक, टोकदार सळई दातावर फिरवायची, आणि हातात येतं ते फक्त ढकलणं, ओढणं आणि कंप. तुम्ही ज्याला उणीव म्हणताय ती आमची रोजची परिस्थिती आहे.

सायली, आता तुला एक सांगते, कारण तू कडकपणाच्या मागे लागली आहेस. निरोगी दात हाताला कडक कशामुळे वाटतो? मी दाबून बघत नाही. मी टोक हलकेच आपटते. निरोगी एनॅमलवर एक छोटी, स्वच्छ टिचकी हातात येते, आवाजासकट. मऊ पडलेल्या डेंटिनवर, म्हणजे एनॅमलखालच्या थरावर, ती टिचकी येतच नाही, टोक बसतं. आणि दुसरं, सळई फिरवताना एखाद्या जागी ती *धरली* जाते, परत ओढताना किंचित अडते. या दोन गोष्टी नसतील तर तुझी भिंत कितीही कडक झाली तरी मला दात वाटणार नाही.

वक्ररेषा
डॉक्टर, तुमच्या प्रतिसादानं अर्धं काम झालं!

सायली, टिचकी हेच तुमचं उत्तर. कडकपणा माणसाला दोन वाटांनी कळतो. एक, दाबून ठेवल्यावर किती आत जातं. दुसरी, टेकताक्षणी बल किती झपाट्यानं चढतं आणि वस्तू कशी कंप पावते. पहिली वाट तुमच्या यंत्राला दोन न्यूटनशी बंद आहे. दुसरी उघडी आहे.

ओकामुरा, डेनरलाइन आणि हाऊ यांनी १९९८ च्या सुमारास हे करून दाखवलं. खऱ्या वस्तूंवर टकटक करून कंप नोंदवला, तर तो झपाट्यानं विरत जाणारी लाट निघतो. रबराची संथ, धातूची चपळ. मग टोक आभासी पृष्ठभागाला लागलं त्या क्षणी स्प्रिंगच्या बलात ही लाट मिसळायची, आपटण्याचा वेग जितका जास्त तितकी मोठी. पुढे कुचेनबेकर, फिएने आणि निमायर यांनी २००६ मध्ये नोंदवलेले धक्के वापरून हेच जास्त बारकाईनं केलं, आणि मऊ स्प्रिंगच्या भिंतीलाही लोक खऱ्या लाकडाच्या बरंच जवळचं मानू लागले.

यात स्थिरतेचं काही बिघडत नाही, कारण लाट एकदाच सुटते आणि विरते. ती टोकाच्या पुढच्या हालचालीवर अवलंबून नाही, त्यामुळे उशिराचं चक्र सुरूच होत नाही. फक्त एक पाहा: गुणगुणीमुळे टोक पृष्ठभागावरून सतत आत-बाहेर होत असेल तर प्रत्येक वेळी टिचकी सुटेल. बाहेर पडल्यावर थोडं अंतर गेल्याशिवाय पुढची टिचकी सोडू नका.

भिरभिरं
माझा फोन दिवसभर टिचक्या मारतो. तोही असंच सगळं मोजतो का?

अवकल
फोनला सोपं आहे. आत स्प्रिंगवर छोटं वजन असतं, ते ठरलेल्या वारंवारतेला हलवायचं, बस. तुमचं बोट कुठे, किती दाबतंय याचा हिशेब हलवण्याच्या त्या क्षणी होत नाही. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या कंपाला आपल्या कातडीखालचे पाचिनियन संवेदक सर्वांत तल्लख असतात, म्हणून एवढ्याशा वजनानं भागतं.

२०१५ पासून काही लॅपटॉपच्या टचपॅडला खाली जाणारं बटणच नाही. चुंबकं पृष्ठभागाला *आडवं* किंचित हलवतात आणि बोट शपथेवर सांगतं की ते खाली दबलं.

मुक्ताफळ
आडव्या बलाचा विषय निघालाच आहे तर: मार्गारेट मिन्स्की यांनी १९९० मध्ये सँडपेपर नावाची प्रणाली केली होती. जॉयस्टिक फक्त सपाट पातळीत फिरायची, वर-खाली काहीच नाही. पडद्यावरच्या खरखरीत भागावरून नेताना चढ लागला की मागे ओढायचं, उतार लागला की पुढे ढकलायचं. लोकांना उंचवटे जाणवायचे.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे रोब्लेस-दे-ला-तोर्रे आणि हेवर्ड यांचा २००१ मधला प्रयोग. बोट खऱ्या खड्ड्यातून नेलं, म्हणजे प्रत्यक्षात खाली-वर झालं, पण आडवी बलं उंचवट्याची दिली. लोकांनी उंचवटा सांगितला. भूमिती एक म्हणत होती, बल दुसरं, आणि हातानं बलाचं ऐकलं.

जुनाखिळा
हे मला माहीत नव्हतं. खड्ड्यातून जाताना उंचवटा! माझा आक्षेप पूर्ण मागे घेत नाही, कारण तळहाताचं काम यातून होणार नाही. पण उपकरणाच्या टोकाबद्दल डॉक्टरांचं म्हणणं पटलं. कानसही हाताला हेच सांगते. कुठे धरते, कुठे घसरते.

मुक्ताफळ
थोडं अवांतर, पण मला यात ओढणारी गोष्ट रसायनशास्त्रातली आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेड ब्रुक्स यांनी १९६७ मध्ये ग्रोप नावाचा प्रकल्प सुरू केला. रेणू एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात ते हाताला जाणवून द्यायचं, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत नेमका कसा बसतो ते रसायनतज्ज्ञ हातानं शोधेल. त्यासाठी किरणोत्सर्गी वस्तू दुरून हाताळायला वापरतात तसा भला मोठा बाहू घेतला. तेव्हाच्या संगणकांना एवढी बलं वेळेत काढणं झेपेना, आणि खऱ्या रेणूंपर्यंत यायला १९९० उजाडलं. नुसत्या चित्राच्या तुलनेत बल मिळाल्यावर कामगिरी साधारण दुप्पट झाल्याचं त्यांनी नोंदवलं.

युक्ती बघा: प्रत्येक अणूचं प्रत्येक अणूशी बल त्या क्षणी काढत बसायचं नाही. प्रथिन स्थिर धरून आसपासच्या जागेत जाळं टाकायचं आणि प्रत्येक गाठीवरचं बल आधीच काढून ठेवायचं. हात फिरत असताना फक्त शेजारच्या गाठींवरून मधली किंमत घ्यायची.

निरंजन०७
हीच युक्ती दातालाही चालेल ना? अवकाशाचे छोटे घन करून प्रत्येकात पृष्ठभागापासूनचं अंतर भरून ठेवायचं. मग ड्रिलनं दात कोरला तर फक्त तिथले घन बदलायचे, त्रिकोणांची जाळी पुन्हा विणायची गरज नाही.

अवकल
चालेल, आणि कोरकामाला तर तेच उत्तम. बोइंगमध्ये मॅकनीली, पुटरबॉ आणि ट्रॉय यांनी १९९९ मध्ये विमानाच्या गुंतागुंतीच्या भागांसाठी असंच केलं. स्थिर वस्तू घनांची, हातातली वस्तू पृष्ठभागावर पेरलेल्या बिंदूंची. प्रत्येक बिंदूचं बल काढायचं आणि बेरीज करायची. बिंदू नुसतं ढकलत नाहीत, वळवतातही, म्हणून मनगटाला पीळ जाणवतो.

एक सावधगिरी. पन्नास बिंदू एकदम टेकले तर पन्नास स्प्रिंगांचा कडकपणा एकत्र होतो आणि वक्ररेषांच्या अटीचा फज्जा उडतो. बिंदू वाढले की बेरजेवरून सरासरीकडे वळायचं.

शून्यप्रहर
शर्यतीच्या खेळात स्टीअरिंग हाताला खेचतं, ते पण यातच मोडतं का?

वक्ररेषा
हो, पण तिथे भिंत नसते. टायर घसरणीच्या कोनात असताना जमिनीचं आडवं बल टायरच्या मध्याच्या किंचित मागे लागतं, त्यातून चाक सरळ करणारा पीळ येतो. तो पीळ स्टीअरिंगला द्यायचा. पकड सुटायच्या *आधीच* हे मागचं अंतर कमी होतं आणि स्टीअरिंग हलकं पडतं. चांगले चालक ते हलकेपण वाचतात.

डॉ_माधवी
सायली, हिरडीचं काय करणार आहेस? दाताशेजारी हिरडी मऊ लागली नाही तर विद्यार्थी सळई नको तिथे रुतवतील.

वक्ररेषा
मऊ वस्तूचं पूर्ण गणित, म्हणजे ऊतीचे छोटे तुकडे करून प्रत्येकाचा ताण काढणं, सेकंदाला १००० वेळा सहसा जमत नाही. म्हणून दोन गती ठेवतात. संथ गणित सेकंदाला ५०-१०० वेळा हिरडीचा आकार बदलतं आणि जाताना एक चिठ्ठी ठेवतं: आत्ता टोकाजवळ पृष्ठभाग असा कललेला आहे, कडकपणा एवढा आहे. वेगवान गणित पुढची चिठ्ठी येईपर्यंत त्या छोट्या, सरळ तुकड्यावरच बल काढतं. नवी चिठ्ठी आली की बल एकदम बदलू नका, काही मिलिसेकंदांत सरकवत न्या. हिरडी दाताहून खूप मऊ, त्यामुळे स्थिरतेची अडचण इथे मुळातच कमी.

सायली_प्र
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सर्वांचे आभार. आत्तापर्यंतची स्थिती सांगते.

कडकपणा मिलिमीटरला १.२ न्यूटनवर आणला, आभासी अवमंदन अगदी थोडं ठेवलं, वेग गाळून घेतला. टोकाच्या जागी छोटा गोल आणि त्याचा प्रतिनिधी. कडेवरून आरपार जाणं पूर्ण थांबलं. मग टिचकी घातली, आपटण्याच्या वेगाच्या प्रमाणात. फरक इतका आहे की मी टिचकी चालू-बंद करून पुन्हा पुन्हा बघत बसले. त्याच १.२ न्यूटनच्या भिंतीवर टिचकी बंद असताना टोक रबरावर टेकल्यासारखं लागतं, चालू केली की दगडावर. दाबून ठेवलं तर अजूनही किंचित आत जातं, पण तिकडे लक्षच जात नाही.

किडलेल्या भागात टिचकी बंद केली आणि कडकपणा ०.४ केला. डॉक्टर, आता राहिलं ते तुमचं 'धरलं जाणं'. नुसतं घर्षण वाढवलं तर सळई घासल्यासारखी वाटते, धरल्यासारखी नाही. ते कशातून येतं?

डॉ_माधवी
घासण्यात सळई सगळीकडे सारखी अडते. धरण्यात ती आधी थोडी रुतते आणि मग *बाहेर येताना* अडते, वर ओढतानाही. मग एकदम सुटते. ते सुटणं मला सर्वांत जास्त सांगतं. विद्यार्थ्यांना मी नेहमी बजावते की जोरानं रुतवू नका, कारण सुरुवातीच्या किडीत टोक दाबलं तर वरचा थर मोडू शकतो. तुझ्या यंत्रात जास्त दाब दिला तर थर मोडल्याचं दाखवता आलं तर तो धडा खऱ्या दाताला इजा न होता शिकवता येईल.

अवकल
दोन्ही जमतील. प्रतिनिधीला आत न जाऊ देण्याची अट किडलेल्या भागात सैल करा. लंब बल ठरावीक मर्यादेवर गेलं की प्रतिनिधी थोडा आत रुतू द्या, आणि रुतला की तिथे खुंटी ठोका. खुंटीपासून कुठल्याही दिशेला, वरच्याही, ओढलं तर स्प्रिंग मागे ओढेल. हे महत्त्वाचं, कारण साधी भिंत फक्त ढकलते, कधीच ओढत नाही. ओढणारं बल रुतलेल्या खोलीच्या प्रमाणातल्या मर्यादेपलीकडे गेलं की खुंटी उपटा आणि प्रतिनिधी थेट टोकापाशी न्या. बल एका मिलिसेकंदात शून्यावर येईल, तेच डॉक्टरांचं एकदम सुटणं. थर मोडण्यासाठी त्याच जागी दाबाची आणखी वरची एक मर्यादा ठेवा, ती ओलांडली की तिथले घन कायमचे काढून टाका आणि एक लहान टिचकी सोडा.

वक्ररेषा
खुंटी उपटताना स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा हाताला परत जाणार नाही याची खात्री करा. प्रतिनिधी टोकापाशी नेला म्हणजे ती टाकूनच दिली, ते बरोबर आहे. पण उपटल्यानंतर लगेच पुन्हा रुतू देऊ नका, निदान टोक पृष्ठभागाच्या बाहेर येईपर्यंत. नाहीतर अडक-सुट-अडक असा थरथराट सुरू होईल आणि आपण परत पहिल्या प्रतिसादावर येऊ.

सायली_प्र
समजलं. खुंटीची मर्यादा खोलीच्या किती पट ठेवू? सध्या रुतण्याची खोली फार तर ०.३ मिलिमीटर येते आहे.

डॉ_माधवी
आकड्यात मला सांगता येणार नाही. तीन-चार वेगवेगळ्या मर्यादा ठेवून दे, कुठली कुठे आहे ते न सांगता. मी आणि माझ्या दोन सहकारी हातात धरून सांगतो कुठली खरी लागते. आमची तिघींची उत्तरं जुळली तर तो तुझा आकडा.